क्षुधा आणि क्षोभ

१८८६ हे साल रत्नागिरीच्या इतिहासात दोन घटनांनी अंकित झालेले आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रज सरकारने हद्दपार करून त्या वर्षी या बंदरात आणून ठेवले, आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या कारभाऱ्यांनी येथे मनोरुग्णालयाची स्थापना केली. राजा १९१६ मध्ये येथेच निवर्तला आणि त्याचा वाडा प्रवाशांच्या कुतूहलाचा विषय होऊन राहिला. मनोरुग्णालय मात्र, अंमल बदलले, कायदे बदलले, तरी अव्याहत चालू राहिले, आणि आज ठाणे, येरवडा व नागपूर यांच्या बरोबरीने महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत त्याची गणना होते. ज्या काळी ते उभारले गेले त्या काळी मनाचा आजार म्हणजे चारचौघांच्या डोळ्यांत भरणारे वेड, अशीच सरकारची व समाजाची समजूत होती, आणि ज्याच्या वर्तनाने इतरांस उपद्रव होतो त्याला इतरांपासून दूर ठेवण्याची तजवीज करणे एवढाच १८५८ च्या कायद्याखाली चालणाऱ्या त्या व्यवस्थेचा मुख्य हेतू होता.

ज्या आजारासंबंधी मला येथे लिहावयाचे आहे तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तो स्वयंपाकघरात असतो, वसतिगृहाच्या खोलीत असतो, न्हाणीघराच्या लावून घेतलेल्या दाराआड असतो. त्याने ग्रासलेली मुलगी परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होते, आल्यागेल्याचे हसून स्वागत करते, घरातल्या साऱ्यांना आग्रह करकरून वाढते आणि स्वतः मात्र जेवत नाही; किंवा जेवते ती कोणी पाहत नसताना, पोट दुखेपर्यंत, आणि मग ते अन्न बळेच ओकून टाकते. मुलगी असे मी म्हणतो, कारण या आजारांत स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे. परंतु मुलगे आणि प्रौढ पुरुषही त्यांतून सुटलेले नाहीत, आणि त्यांना आपली अवस्था कोणापाशी बोलून दाखविणे बहुधा अधिकच जड जाते.

वैद्यकशास्त्राची या आजारांशी झालेली ओळख टप्प्याटप्प्याने वाढत गेली. १८७३ साली लंडनमध्ये सर विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अन्नत्याग करून झिजत जाणाऱ्या तरुण मुलींची वर्णने मांडली, आणि गल यांनी योजलेले ‘ॲनोरेक्झिया नर्व्होसा’ हे नाव पुढे रूढ झाले. अनावर खाणे आणि त्यामागून वमन, असे चक्र असणाऱ्या ‘बुलिमिया’चे वर्णन जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले, वमनावाचूनच्या अतिभक्षणाला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले ते तर २०१३ साली. ही तरुणपणाची लहर आहे, वय सरले की आपोआप जाईल, असे मानणाऱ्यांनी एक आकडा मात्र ध्यानात ठेवावा. २०११ मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार ॲनोरेक्झियाने पीडित अशा हजार व्यक्तींमागे दर वर्षी सुमारे ५ मृत्यू घडतात, आणि त्या मृतांपैकी पाचांत एक आत्महत्येने गेलेला असतो. मनाच्या इतक्या घातक आजारांची उदाहरणे थोडीच सापडतील.

हे सारे परदेशातील सुखवस्तू समाजाचे दुखणे आहे, आमच्याकडे ते कोठून येणार, हा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात. १९९५ साली खंडेलवाल, शरण आणि सक्सेना या दिल्लीच्या मनोविकारतज्ज्ञांनी पाच तरुण स्त्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अन्न नाकारणे, सततच्या ओकाऱ्या, भरमसाट घटलेले वजन, बंद पडलेली पाळी, ही सारी लक्षणे त्यांच्या ठायी होती. परंतु पाश्चात्त्य ग्रंथांत ज्यावर विशेष भर असतो ती स्वतःच्या देहाविषयीची विपरीत कल्पना त्यांच्यात आढळली नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी १९९३ मध्ये ७० रुग्णांची पाहणी मांडली, तेव्हा त्यांपैकी ४१ जणांना लठ्ठपणाचे भय असे नव्हतेच. पोट भरल्यासारखे वाटते, भूक लागत नाही, अशीच त्यांची कैफियत होती. कोकणातली माणसे अशा मुलीविषयी ‘तिची अन्नावरची वासनाच उडाली’ असे म्हणतात, आणि मग जंतांचे औषध होते, शक्तिवर्धक काढे होतात, दृष्ट काढली जाते, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते, पोटात दुर्बीण घालून तपासणीही होते. मनाच्या डॉक्टरांचे नाव निघालेच तर ते सर्वांच्या शेवटी.

त्यातही आपल्याकडे या आजाराला एक सोयीचा आडोसा मिळतो. संकष्टी, एकादशी, श्रावणातले सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, हरतालिका अशी व्रतांची मालिका वर्षभर चालू असते, आणि ज्या घरात उपासाला प्रतिष्ठा आहे तेथे न जेवणाऱ्या मुलीचे कौतुक होते. व्रतांविषयी माझ्या मनात अनादर नाही. श्रद्धेने केलेला उपास संपला की माणूस पारणे करून आनंदाने जेवतो. ज्या मुलीला पारण्याची धास्ती वाटते, आणि म्हणून जी एका उपासाला दुसरा जोडीत जाते, तिच्याकडे मात्र घरातील वडीलधाऱ्यांनी वेळीच लक्ष दिले पाहिजे.

आता या साऱ्याच्या मुळाशी काय आहे? देहसौंदर्याच्या कल्पना, आनुवंशिकता, बालपणीचे आघात, घरातील ताण अशी अनेक कारणे एकत्र येतात, आणि त्यांपैकी एकाला धरून बसणे शहाणपणाचे नाही. परंतु कारणे कोणतीही असोत, आजार एकदा जडला की अन्नाचा विपर्यस्त व्यवहार हा भावनांचा क्षोभ शमविण्याचा एक उपाय होऊन बसतो, आणि मला या लेखात आग्रहाने सांगावयाचे आहे ते हेच. लाज, चीड, एकटेपणा, अपराधाची टोचणी असह्य झाली की कोणी खात सुटते, कोणी ओकून मोकळे होते, कोणी उपाशी राहून मनाला बधिर करते. रुग्णांनी दिवसातून अनेकदा स्वतःच्या मनःस्थितीची नोंद करावयाची, अशा पद्धतीच्या ३६ अभ्यासांचे संकलन ॲलिसा हेट-मॅट आणि पामेला कील यांनी २०११ मध्ये केले. अतिभक्षणापूर्वी मनाची अवस्था नेहमीपेक्षा खालावलेली असते, हे त्यातून दिसलेच; परंतु खाऊन झाल्यावर ती सुधारण्याऐवजी आणखी खालावते आणि वमनानंतर मात्र काहीशी हलकी होते, हेही दिसून आले. म्हणजे ज्या उपायाला ही माणसे शरण जातात तो स्वतःच नव्या दुःखाला जन्म देतो, आणि त्या दुःखावर पुन्हा तशाच उपायाचा शोध सुरू होतो. हे समजून घेतल्यावर ‘खा गो बाई चार घास’ किंवा ‘जिभेवर ताबा ठेव’ या उपदेशाचे वैयर्थ्य वेगळे सांगावे लागत नाही. ज्याच्या हातून आपण एक उपाय काढून घेणार त्याच्या हाती दुसरा दिला पाहिजे, आणि तो शिकविला पाहिजे.

असे शिक्षण पद्धतशीरपणे देता येते, हे ज्यांनी दाखविले त्यांत मार्शा लिनेहन यांचे नाव अग्रभागी आहे. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील या विदुषीने सतत आत्मघाताकडे ओढल्या जाणाऱ्या रुग्णांसाठी एक उपचारपद्धती रचली, आणि तिचे ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्ण आज जसा आहे तसा त्याचा संपूर्ण स्वीकार आणि त्याने बदलले पाहिजे हा आग्रह, ही दोन परस्परविरोधी वाटणारी सूत्रे एकत्र बांधणारी ही पद्धती डीबीटी या आद्याक्षरांनी ओळखली जाते. पुढे २०११ मध्ये लिनेहन यांनी जाहीरपणे सांगितले की १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या स्वतः हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे होत्या. ज्या यातनेवर त्यांनी पुढे उपाय शोधला ती त्यांनी बंद खोलीत स्वतः भोगली होती. त्यांच्या पद्धतीत रुग्णाविषयी जो आदर आणि जो व्यावहारिक काटेकोरपणा एकत्र नांदतो, त्याचे मूळ मला या अनुभवात दिसते.

खाण्याच्या विकारांसाठी या पद्धतीची नवी मांडणी केली ती स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रिस्टी टेल्च, डेब्रा सेफर आणि स्ट्युअर्ट ॲग्रस यांनी. आठवड्यातून एकदा, दोन तासांचा, असे वीस पाठ, छोटा गट, प्रत्येक पाठानंतर घरचा अभ्यास आणि पुढच्या पाठात त्याची तपासणी, असे तिचे स्वरूप आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात अतिभक्षणाचा विकार असलेल्या ४४ स्त्रिया होत्या. शिक्षण पूर्ण केलेल्या १८ जणींपैकी १६ जणींचे अनावर खाणे वीस आठवड्यांअखेर थांबलेले होते. ज्या १६ जणी केवळ प्रतीक्षायादीवर होत्या त्यांत अशा दोनच. सहा महिन्यांनंतर मात्र शिक्षण घेतलेल्यांतील हे प्रमाण शेकडा ५६ वर उतरले. २०१० मध्ये १०१ जणांवर झालेल्या परीक्षणात या शिक्षणाची तुलना साध्या, आधार देणाऱ्या गटोपचाराशी केली गेली, तेव्हा उपचाराच्या अखेरीस शेकडा ६४ विरुद्ध ३६ असे अंतर दिसले, परंतु वर्षभराने दुसरा गटही बराचसा बरोबरीला आला. हे आकडे मी मुद्दाम पूर्ण देत आहे, कारण एखाद्या उपचाराचा डांगोरा पिटून रुग्णाला भलती आशा लावणे हा त्याच्यावर केलेला दुसरा अन्याय ठरतो. इतके निश्चित म्हणता येते की भावना सांभाळण्याचे कौशल्य शिकविता येते, आणि ते शिकल्याने पुष्कळांचे अनावर खाणे थांबते.

हे शिकवणे प्रत्यक्षात कसे चालते ते रत्नागिरीच्या मातीत आणून पाहू. संगमेश्वर तालुक्यातील एखाद्या वाडीतून शिक्षणासाठी शहरात आलेली, नातेवाइकांकडे राहणारी एकोणीस वर्षांची मुलगी कल्पनेत घ्यावी. रविवारी रात्री, सारे निजल्यावर, तिने डब्यातली फणसपोळी, फरसाण, उरलेला भात असे हाती लागेल ते खाल्ले आणि मग ते ओकून काढले. शिक्षिका तिला ‘असे का केलेस?’ असे विचारीत नाही. त्या प्रश्नाला ‘मी वाईट आहे म्हणून’ याखेरीज उत्तर मुलीपाशी नसते. ती विचारते, ‘शनिवारी रात्री झोप कशी लागली?’ झोप लागली नव्हती. रविवारी सकाळी? नुसता चहा. दुपारी मुंबईची आत्या आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, ‘काय गो, अंग धरलंस की चांगलंच!’ सारे हसले, मुलगीही हसली. आणि मग? मग जेवायला नको वाटले. डोके दुखते म्हणून ती आतल्या खोलीत जाऊन पडली. मनात काय आले? आपण घरात नकोशा आहोत असे. अंगात काय जाणवले? कान तापले, घशाशी आवंढा आला. रात्री सगळी निजली तेव्हा? तेव्हा एकदम सुटल्यासारखे वाटले आणि पाय स्वयंपाकघराकडे वळले.

अशा रीतीने दुवा दुव्याला जोडून साखळी कागदावर उतरली की मुलीला आयुष्यात प्रथमच दिसते की जे आभाळातून कोसळल्यासारखे वाटत होते त्याला बारा-पंधरा पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवर काही करता येण्याजोगे होते. झोप आणि सकाळची न्याहारी ही पहिली पायरी. दिवसातून तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, दोन खाण्यांत चार तासांहून अधिक अंतर न पडू देणे, हा नियम येथे सर्वांत आधी शिकवितात, कारण उपाशी देहात भावना सहज भडकते. आत्याचे बोलणे ही दुसरी. तेथे भावनेला नाव देणे शिकावयाचे. ‘कसेतरीच होते’ एवढ्यावर न थांबता, हा राग आहे की अपमान, ओशाळलेपणा आहे की आई जवळ नसल्याची हुरहुर, हे ओळखावयाचे. त्यापुढे वस्तुस्थितीची पडताळणी येते: आत्या तसे म्हणाली हे खरे, घरात मी नकोशी आहे, हे कोणी म्हटले होते का? लाज ही भावना माणसाला लपायला सांगते, म्हणून लाजेला खरे कारण नसेल तर लपू नये, उलट पंगतीत येऊन बसावे, ताठ बसावे आणि वाढलेले जेवावे, अशी विरुद्ध कृती शिकविली जाते. ती सोपी नाही. म्हणून आधी वर्गात, मग घरच्या एखाद्या मायेच्या माणसासमोर, मग पाहुण्यांत, अशी तिची उजळणी होते.

आणि रात्रीची ती घडी? तेथे लाटेचा पाठ उपयोगी पडतो. खाण्याची किंवा ओकण्याची ऊर्मी ही लाटेसारखी चढते, शिखराला पोचते आणि ओसरते, तिच्याशी झुंज न घेता आणि तिच्या स्वाधीनही न होता ती न्याहाळीत राहावे, हे तंत्र व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ॲलन मार्लट यांनी प्रचारात आणले आणि खाण्याच्या विकारांच्या शिक्षणात ते मुरले. मांडवीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. मात्र समजणे आणि साधणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर रोजच्या नोंदींनी तुटते: आज ऊर्मी किती प्रबळ होती, कोणती भावना होती, कोणते कौशल्य वापरले, निभावले की नाही, याची रोजकीर्द ठेवावयाची आणि आठवड्याने शिक्षिकेपुढे मांडावयाची. निभावले नाही तर त्यावर ठपका ठेवावयाचा नाही. हे पुन्हा करावयाचे नाही असा पूर्ण निश्चय, आणि पाय घसरलाच तर शिव्याशाप न देता उठून पुढे चालण्याची तयारी, ही दोन्ही एकाच वेळी बाळगण्याचा अभ्यास या शिक्षणाचा गाभा आहे.

मनाला शिकविण्याची कल्पना मराठी माणसाला परकी नाही. समर्थांचे मनाचे श्लोक पाठ असलेली पिढी अजून कोकणात आहे, आणि अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणल्यालाही अनेक दशके झाली. परंतु श्लोक पाठ असणे आणि रात्री अकरा वाजता, भरून आलेल्या मनाने, स्वयंपाकघराच्या दारातून मागे फिरणे, यांच्यामध्ये जो सराव लागतो त्याची व्यवस्था आपण कधी लावली नाही. गाणे किंवा पोहणे शिकविताना आपण गुरू, वर्ग, वेळ, उजळणी हे सारे अवश्य मानतो. भावना सांभाळणे तेवढे मुलांना आपोआप यावे, आणि न आल्यास तो त्यांच्या चारित्र्याचा दोष समजावा, ही आपली रीत मला अन्यायाची वाटते.

येथे काही गोष्टी निक्षून सांगणे भाग आहे. क्षोभाच्या घडीला गार पाण्यात चेहरा बुडवावा, म्हणजे हृदयाची गती मंदावून मन स्थिरावते, असा एक उपाय या पद्धतीत आहे. परंतु उपासमारीने ज्याच्या नाडीचे ठोके आधीच मंदावले आहेत, किंवा वारंवारच्या ओकाऱ्यांनी ज्याच्या रक्तातील पोटॅशियम घटले आहे, त्याने तो डॉक्टरांच्या संमतीवाचून करता नये. कौशल्यांच्या वर्गापूर्वी नाडी, रक्त आणि हृदयाचा आलेख तपासला गेलाच पाहिजे. दुसरे असे की अतिशय कृश झालेल्या मुलीला भावनांचे पाठ देऊन भागत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्या धडधाकट पुरुषांच्या मनातही अन्नाखेरीज दुसरा विचार टिकेना. ते चिडचिडे, खिन्न, एकलकोंडे झाले, काही पाककृतींची पुस्तके जमवू लागले, आणि पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर काहींना खाणे आवरेना. भुकेने मन असे पालटते, तेव्हा ॲनोरेक्झियात प्रथम अन्न, तेही वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू वाढविलेले. एकदम भरपूर खाऊ घातल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन ढासळून प्राणावर बेतू शकते. वयाने लहान असलेल्या रुग्णांच्या बाबतीत जेवणाची सूत्रे काही काळ आईवडिलांनी हाती घेण्याची जी पद्धती लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात विकसित झाली, ती आपल्या कुटुंबव्यवस्थेला मानवण्याजोगी आहे असे मला वाटते.

मग रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात हे शिकविणार कोण? प्रशिक्षित मानसतज्ज्ञांची वाण आहे, हे खरे. परंतु सिंधुदुर्गाच्या पलीकडे, गोव्यात, ‘संगत’ या संस्थेने या अडचणीतून एक वाट काढून दाखविली आहे. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु नेमके प्रशिक्षण आणि नियमित देखरेख लाभलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना थोडक्या बैठकांचा उपचार दिला, आणि ४९५ रुग्णांवरील त्या परीक्षणाचे अनुकूल निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य आणि खाण्याचे विकार एक नव्हेत, आणि वर सांगितलेला देहाचा धोका ध्यानात घेता डॉक्टरांवाचून येथे पाऊल टाकता येणार नाही. तथापि जिल्ह्याच्या ठिकाणी शतकाहून जुने मनोरुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आता उभे राहिले आहे, आणि २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. एक खोली, एक फळा, आठ-दहा खुर्च्या, तपासणीची सोय आणि शिकवावयास तयार केलेली दोन माणसे, एवढ्यावर हा वर्ग सुरू होऊ शकतो. महाविद्यालयांच्या वसतिगृहांतील अधीक्षिकांना आणि तालुक्यांच्या दवाखान्यांतील परिचारिकांना ही लक्षणे ओळखण्यास शिकविले तर मुली वर्गापर्यंत पोचतीलही. तोवर, निदान बोलण्यास सुरुवात करण्यासाठी, सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.

अखेरच्या पाठांत पुढील काळाचा मसुदा लिहून घेतला जातो, आणि येथे तो कोकणच्या पंचांगानुसार लिहावा लागेल. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हाची गर्दी, मे महिन्यात चाकरमानी आले की देहावरून होणाऱ्या टीकाटिप्पण्या, गौरीगणपतीत मोदकांचा आग्रह आणि मागोमाग येणारी अपराधाची भावना, दिवाळीचा फराळ. प्रत्येक नोंदीपुढे त्या दिवसाची जेवणाची वेळ, अवघड वाटणारी माणसे, वापरावयाचे कौशल्य आणि हाक मारावयाच्या दोन व्यक्तींची नावे असावीत. उपासांच्या रकान्यात मात्र मुलीने काही लिहू नये. आजाऱ्याला व्रतातून सूट देणे आपल्या परंपरेला मान्यच आहे, तेव्हा ‘यंदा तू उपास धरायचा नाहीस, मी तुझ्या वाटचा धरते’ असे तिच्या आजीने किंवा आईने आपल्या हाताने त्या रकान्यात लिहावे, आणि खाली सही करावी.